रुळाचा पाया आणि फसलेली काटकसर

रुळाचा आडवा छेद घेतला की तीन भाग दिसतात: वर जाड माथा, मध्ये अरुंद कंबर आणि खाली पसरट पाया. भारतात आज वर्दळीच्या मार्गांवर मीटरला 60 किलो वजनाचा रूळ असतो. त्याची उंची 172 मिलिमीटर, पाया 150 मिलिमीटर रुंद आणि कंबर अवघी 16.5 मिलिमीटर जाड. चाकाच्या भाराने रूळ वाकतो तेव्हा सर्वाधिक ताण अगदी वर आणि अगदी खाली येतो, म्हणून पोलाद तिथे साठवायचे आणि मध्ये वाचवायचे, असे यामागचे गणित सांगितले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. केवळ वाकण्याचा विचार केला तर माथा आणि तळ सारखेच असले तरी चालते. मग ते इतके वेगळे का झाले? याचे उत्तर इतिहासात आहे. रूळ कशावर टेकतो हा प्रश्न तो किती भार पेलतो या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे, हे रेल्वेला एका फसलेल्या काटकसरीतून उमगले.

1830च्या दशकात इंग्लंडमध्ये जोसेफ लॉक या अभियंत्याने दोन्ही बाजूंना सारखाच माथा असलेला रूळ रूढ केला. तेव्हाचे रूळ घडीव लोखंडाचे असत आणि वर्दळीत लवकर झिजत. वरचा माथा झिजला की रूळ उलटा करायचा आणि दुसरा माथा वापरायचा, म्हणजे एका रुळात दोन आयुष्ये मिळतील, असा हिशेब होता. पण हा रूळ स्वतःच्या बळावर उभा राहत नसे. तो ओतीव लोखंडाच्या ‘चेअर’ नावाच्या बैठकीत बसवून लाकडी पाचरीने आवळावा लागे. गाड्यांच्या हादऱ्यांनी खालचा माथा चेअरवर आदळून नेमका त्या जागी खचे. उलटा केलेला रूळ मग ठरावीक अंतरावर खड्डे घेऊनच वर येई. भारतातही सुरुवातीच्या काळात हे दुमाथी रूळ वापरले गेले. पुढे इंग्लंडने उलटण्याचा नाद सोडला, वरच्या माथ्यात जास्त धातू घातला आणि त्यातून ‘बुलहेड’ रूळ आला.

अमेरिकेत अडचण वेगळी होती. तिथे लाकूड मुबलक, पण चेअर महाग. कॅम्डेन अँड अँबॉय रेल्वेचे रॉबर्ट स्टीव्हन्स यांनी 1830मध्ये रुळालाच सपाट पाया देण्याची कल्पना मांडली. वेल्समधील डाउलेसच्या कारखान्यात असे रूळ तयार झाले आणि थेट लाकडी स्लीपरवर खिळ्यांनी ठोकता येऊ लागले. चेअरचे काम पायाने स्वतःकडे घेतले: भार पसरवायचा आणि रूळ कलंडू द्यायचा नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सपाट पाया इतका आधी सापडला होता, तर दुमाथी रूळ ही निव्वळ आडवाट नव्हे काय? तसे म्हणता येत नाही. चार्ल्स व्हिग्नोल्स यांनी सपाट पायाचा पुरस्कार ब्रिटनमध्येही केला होता, तरी तिथल्या मुख्य मार्गांवर बुलहेड विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकला. चेअरमधला रूळ घट्ट बसे आणि पाचर काढून सहज बदलता येई. उलट साध्या खिळ्यांनी ठोकलेला पाया मऊ लाकडात रुते, खिळे सैल होत. पाया खऱ्या अर्थाने उपयोगी पडला तो त्याखालची पट्टी, पकड आणि स्लीपर सुधारत गेल्यावर.

दुसरा आक्षेप असा की हा बदल आकाराने घडवला नाही, पोलादाने घडवला. 1857मध्ये डर्बी स्थानकाजवळ रॉबर्ट मशेट यांच्या पोलादाचा रूळ बसवला गेला. जिथे लोखंडी रूळ दर सहा महिन्यांनी बदलावे लागत, तिथे तो सोळा वर्षे टिकला. पोलादामुळे उलटण्याची गरज संपली, हे निर्विवाद. पण पोलादाने माथ्याची झीज कमी केली. रूळ कशावर टेकवायचा, हा प्रश्न पोलाद आल्यानंतरही तसाच राहिला.

म्हणून रुळाचे तीन भाग म्हणजे तीन वेगळ्या जबाबदाऱ्या. माथा चाकाशी भिडतो, म्हणून त्याला झिजण्यापुरता जादा धातू हवा. पाया स्लीपरशी भिडतो, म्हणून त्याला रुंदी हवी. कंबर या दोघांना दूर ठेवते, आणि त्या अंतरातूनच रुळाला ताठपणा येतो. लॉक यांच्या हिशेबात लोखंडाची किंमत होती, पण टेकण्याच्या जागेची झीज नव्हती. दोन भागांची कामे वेगळी असताना त्यांना एकाच मापाचे करणे ही बचत ठरत नाही, हा धडा आजच्या प्रत्येक रुळाच्या छेदात कायम झाला आहे.