तीनशेतीनची कुळकथा

‘ॲसिड’ नावाच्या नृत्यसंगीताचं जन्मगाव शिकागो मानतात. ‘फ्यूचर’ या त्रिकुटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही तबकडी १९८७ साली आली आणि तिच्यातला वळवळता, चिरका खर्ज पुढे टेक्नो या नृत्यसंगीतातही मुरला. पण या खर्जाचं थोरलं भावंड पाच वर्षं आधी मुंबईत जन्मलं होतं. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी एचएमव्हीने १९८२ मध्ये काढली.

सिंग यांच्यापुढे रोलँड कंपनीची तीन यंत्रं होती. टीआर-८०८ ताल धरायचं, टीबी-३०३ खर्जातली सुरावट फिरवत राहायचं आणि ज्युपिटर-८ वर सिंग हाताने राग वाजवायचे. नाशिक ढोलाचा सलग ठोका ज्यांच्या अंगात भिनलाय, त्यांना हा ८०८ परका वाटणार नाही; अख्ख्या पथकाचा दम त्या एका पेटीत आहे.

खरी कुळकथा मात्र ३०३ ची. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बासची साथ मिळावी म्हणून ते बनवलं होतं. त्यातून बास गिटारचा हुबेहूब आवाज निघेना, म्हणून ते फारसं खपलं नाही आणि १९८४ मध्ये बंद झालं. पण एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय त्यात होती. तोडी, ललत वाजवणाऱ्याच्या हाती ती पडली आणि तिची मींड झाली. रागाला कॉर्डच्या बदलांची गरजही नसते. षड्ज धरायचा आणि ठरलेल्या स्वरांतच विस्तार करायचा. एकच सुरावट न थकता फिरवणाऱ्या यंत्राला हे नेमकं मानवलं.

मुंबईची तबकडी तेव्हा खपलीच नाही. शिकागोच्या तरुणांनी स्वतंत्रपणे तेच यंत्र जुन्या बाजारातून स्वस्तात आणलं आणि वाजत असताना त्याची बटणं पिळत आपला आवाज शोधला. मुंबई आणि शिकागोचं नातं बापलेकाचं नव्हे, चुलत भावंडांचं.

एडो बाऊमन या डच संग्राहकाला ही तबकडी २००२ मध्ये दिल्लीत सापडली. २०१० मध्ये त्यांनी ती पुन्हा काढली, तेव्हा टेक्नोवाल्यांना आपलाच आवाज त्यात ऐकू आला. सत्तरी ओलांडलेले सिंग युरोपातल्या मंचांवर ते राग पुन्हा वाजवू लागले. २०१५ मध्ये ते गेले. टेक्नोची वंशावळ मांडताना शिकागो आणि टेक्नोचं माहेर डेट्रॉइट यांच्या जोडीला मुंबईचं नाव घ्यायलाच हवं. बाजाराने पुढे टाकून दिलेल्या यंत्राचं मोल रागाची जाण असलेल्या एका कानाने तिथे वेळेआधीच ओळखलं होतं.