स्पेन आणि आपण

आमच्या सोलापुरात कुणी स्पॅनिश गाणी, नाच आणि वर एखादा ऐतिहासिक सिनेमा असा कार्यक्रम ठेवलाच, तर पहिला प्रश्न येईल, "पास फुकट आहेत ना?" आणि दुसरा, "स्पेनचा नि आपला संबंध काय हो?"

आहे ना! चांगला रक्ताचा आहे. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी पेटली, तेव्हा बेथ्यून नावाचा कॅनेडियन डॉक्टर माद्रिदहून रक्ताच्या बाटल्या घेऊन थेट आघाडीवर धावत होता. आपले डॉ. अटलही तिथल्या जखमींची सेवा करून आले. १९३८ मध्ये दोघंही चीनला गेले, आपापल्या वाटेनं. अटलांच्या पथकात होते सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. पुढच्याच वर्षी शस्त्रक्रियेत झालेली बोटाची जखम चिघळून बेथ्यून गेला. त्याच्या नावाच्या रुग्णालयाची सूत्रं पुढं आली कोटणिसांच्या हाती. १९४२ मध्ये तेही गेले. वय ३२.

व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला. नायक स्वतः, चिनी नायिका जयश्रीबाई, संगीत वसंत देसाईंचं. त्यातले चिनी लोक खुशाल हिंदी बोलतात आणि आपण डोळे पुसतो. मग स्पॅनिश कळत नाही म्हणून घरी का बसायचं?