साथ गेल्यानंतर

इ. स. 2020 च्या उन्हाळ्यात औरंगाबाद शहरातील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील, पुंडलिकनगर या वस्तीचे नाव कोरोनाच्या रुग्णांच्या दैनिक यादीत वारंवार वाचावयास मिळे. पुढे 10 ते 18 जुलैपर्यंत सारे शहरच कडकडीत बंद ठेवण्यात आले. घराघरांत एकच धास्ती होती; रोगाची, आणि रोग उघडकीस आल्यास पुढे काय होईल याची. ही दुसरी धास्ती महाराष्ट्राला नवी नव्हती. 13 मार्च 2020 रोजी राज्यात जो साथरोग कायदा लागू झाला, तो मूळचा 1897 सालचा, प्लेगाच्या धामधुमीत जन्मलेला होता.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. रुग्णांना सक्तीने इस्पितळात नेण्याचे धोरण सुरू होताच इस्पितळ म्हणजे मरणाचे दार, अशी समजूत लोकांत पसरली. ऑक्टोबरात गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. तेच इस्पितळ आज कस्तुरबा रुग्णालय या नावाने ओळखले जाते, आणि 2020 मध्ये कोरोनाचे रुग्ण तेथेही उपचार घेत होते.

पुण्यात रँडसाहेबांच्या अंमलाखाली गोऱ्या शिपायांनी घरांच्या झडत्या घेतल्या. माणसे छावण्यांत नेली, सामान जाळले. परिणाम उलटाच झाला. लोक आजारी माणसे लपवू लागले, मृत्यू दडवू लागले, गावोगावी पळू लागले. आणि त्यांच्याबरोबर रोगही पसरला. 22 जून 1897 रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच पुण्यात, त्याच वर्षी, सावित्रीबाई फुले प्लेगाच्या रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या. त्यातच प्लेग जडून 10 मार्च रोजी त्यांचे देहावसान झाले. एकाच रोगाशी दोन रीतींनी झुंज चालली होती. पहिल्या रीतीला पाहून दारे बंद होत, दुसरीला ती उघडत.

मार्च 1898 मध्ये मुंबईत दंगल झाल्यावर सरकारलाही ही गोष्ट उमगू लागली आणि सक्ती हळूहळू सैल झाली. डॉ. हाफकिन यांनी जानेवारी 1897 मध्ये स्वतःच्या देहावर प्रथम टोचून घेतलेली लस पुढे लाखो लोकांनी घेतली. त्यांच्या प्रयोगशाळेला 1925 मध्ये त्यांचेच नाव मिळाले. 1898 मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने मुंबईत रुंद रस्ते काढले खरे, परंतु पाडलेल्या चाळींच्या मानाने गरिबांसाठी नवी घरे उशिरा व कमी उभी राहिली. गर्दी नाहीशी झाली नाही. ती शेजारच्या वस्तीत सरकली.

साथीचा खरा हिशेब असा मागाहून होतो. कोरोनाचाही तसाच करावा लागतो. 2019 मध्ये भारतात क्षयाच्या सुमारे 24 लाख रुग्णांची नोंद झाली होती. 2020 मध्ये हा आकडा सुमारे 18 लाखांवर आला. क्षय घटला होता असे मुळीच नव्हे. खोकणारा माणूस दवाखान्यापर्यंत पोहोचत नव्हता, आणि तपासणारे हात दुसऱ्या कामी गुंतले होते. डांग्या खोकला, घटसर्प व धनुर्वात यांवरील लशीची पहिली मात्राही न मिळालेली बालके 2019 मध्ये सुमारे 14 लाख होती. 2020 मध्ये ती सुमारे 30 लाख झाली. गोवरासारख्या लशीही अशाच चुकल्या, आणि 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवर उसळला. न नोंदलेला क्षयरोगी घरातल्या माणसांना रोग देत राहतो; न टोचलेले मूल पुढच्या साथीचे पहिले भक्ष्य ठरते.

निर्बंध अनाठायी होते, असा याचा अर्थ नव्हे. संसर्ग रोखण्यास ते काही काळ आवश्यकच असतात. मात्र निर्बंध उठल्यावर चुकलेली टोचणी व राहिलेल्या तपासण्या शोधून पुऱ्या करण्याचे कामही त्या निर्बंधांचाच उत्तरार्ध होय. सप्टेंबर 2020 मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली, तेव्हा आशा सेविका महाराष्ट्रभर घरोघरी हिंडून ताप व प्राणवायू मोजीत होत्या, जुन्या व्याधींची विचारपूस करीत होत्या. 1897 साली पुण्याच्या दारांवर शिपायांची थाप पडली होती. दार ठोठावण्याच्या या दोन तऱ्हांतील अंतर जे राज्य ओळखील, त्याच्यापासून रोग लपविण्याची गरज लोकांना वाटणार नाही.