मुंबईच्या विहिरी आणि हिवताप

हिवताप हा दलदलीचा, रानावनाचा रोग, अशी आपल्याकडील जुनी समजूत. 'मलेरिया' या मूळ इटालियन शब्दाचा अर्थच मुळी 'दूषित हवा' असा आहे. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू दिसले आणि हवेवरचा आरोप निकालात निघाला. दलदलीवरचा संशय मात्र कायम राहिला.

मुंबईपुरता तो फिटण्यास १९११ साल उजाडावे लागले. त्या वर्षी डॉ. चार्ल्स बेंटली यांनी या शहरातील हिवतापाविषयीचा आपला अहवाल सादर केला. खाड्या बुजवून, सात बेटे सांधून उभ्या राहिलेल्या मुंबईत रोगाचा जोर सखल, पाणथळ भागात असावा असे कोणासही वाटेल. बेंटली यांना तो आढळला फोर्टसारख्या बांधीव, सधन वस्तीत! अपराधी होता 'अॅनाफेलीस स्टीफेन्सी' हा डास. या डासाला गटाराचे घाण पाणी रुचत नाही. त्याला हवे असते स्वच्छ, संथ, सावलीतले पाणी. विहीर, हौद, टाकी, कारंजे ही त्याची माहेरघरे. म्हणजे माणसाने स्वतःच्या तहानेसाठी जे जे बांधले, ते ते त्याला आयतेच मिळाले.

वास्तविक विहारचे पाणी १८६० साली, तुळशीचे १८७९ साली आणि तानसाचे १८९२ साली शहरात येऊन पोहोचले होते. नळ आला; पण विहीर हटली नाही. उलट नळाबरोबर साठवणीच्या टाक्यांची भर पडली.

विहिरी बुजवा वा झाका, असा आग्रह सुरू होताच विरोध उसळला. धर्मविधीसाठी सूर्यप्रकाश लागलेले विहिरीचेच पाणी हवे, अशी पारशी बांधवांची श्रद्धा. हिंदूंचेही तसेच. यात आपण नवल मानण्याचे कारण नाही. ईस्ट इंडियन लग्नघरची मंडळी 'उंबराचे पाणी' आणावयास वाजतगाजत विहिरीवरच जातात, नळावर जात नाहीत. अखेर तोडगा निघाला : विहीर झाकावी, पण झाकणात बारीक जाळीचे दार ठेवावे, म्हणजे सूर्यकिरण आत जातील आणि डास जाणार नाही. श्रद्धा आणि शास्त्र यांचा इतका साधा समेट इतिहासात क्वचितच सापडतो. या वादातूनच रुस्तम मसानी यांना विहिरींच्या लोककथा जमविण्याची प्रेरणा मिळाली. त्यांचे पुस्तक १९१८ साली प्रसिद्ध झाले. हे मसानी पुढे मुंबईचे महापालिका आयुक्त झाले. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर आजही भाविकांनी गजबजलेली असते.

येथे वसईच्या बावखलांविषयी एक शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. ज्या पाण्यात मासे आणि बेडूक नांदतात, तेथे डासांच्या अळ्यांची फारशी डाळ शिजत नाही. डासांचे निमित्त सांगून बावखल बुजविणारा त्या जागी इमारत बांधतो आणि तिच्या गच्चीवर उघडी टाकी ठेवतो, तेव्हा डासांचे नुकसान होत नाही, फायदाच होतो. शिवाय भूगर्भातले पाणी आटते ते वेगळेच.

डेंग्यूचा 'एडीस' डास तर याहून घरकोंबडा. पाणी एक दिवसाआड येऊ लागले की घरोघरी पिंपे भरून ठेवली जातात. या डासाची मादी पिंपाच्या आतल्या भिंतीला अंडी चिकटविते. ती कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागताच उबतात. म्हणून पिंप नुसते ओतून भागत नाही; आतून घासावे लागते.

स्टीफेन्सीची कथा मुंबईत संपलेली नाही. आफ्रिकेतील हिवताप हा मुख्यत्वे खेड्यांचा रोग. तिकडच्या डासांना शहर फारसे मानवत नसे. २०१२ साली आपल्या विहिरीतला हा पाहुणा जिबूतीत आढळला, नंतर इथिओपियात. २०२२ साली तेथील दिरे दावा या शहरात हिवतापाची साथ उसळली. ती पसरविणाऱ्या डासांचा शोध घेत संशोधक पोहोचले ते पाणी साठविण्याच्या भांड्यांपाशी.