सफर, सफारी आणि खानदेशचे वाघ

गेल्या उन्हाळ्यांत आमचे जळगांवचे एक स्नेही सहकुटुंब आफ्रिकेस जाण्याच्या तयारींत होते. त्यांनीं प्रवासाचा छापील बेत आमच्यापुढें ठेविला आणि त्यांतील एका दिवसाविषयीं आमचें मत विचारिलें. टांझानियांतील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानांत पहाटेपासून सायंकाळपर्यंत, वाटाड्यासह, मोटारींतून श्वापदें पाहात हिंडावयाचें, असा तो दिवस होता. सिंहाविषयींचें आमचें ज्ञान पंचतंत्राच्या फारसें पलीकडे गेलेलें नाहीं. तेव्हां या बाबतींत आमच्या मताची किंमत किती, हें वाचकांनींच ठरवावें. परंतु तो कागद वाचतां वाचतां आम्हांस सारखें वाटूं लागलें कीं, हा बेत आपण पूर्वीं कोठें तरी वाचला आहे. अंधारांत निघणें, पाणवठ्यावरून जनावराचा अंदाज बांधणें, दुपारीं झाडाखालीं विसावणें, आणि या सर्वांत ज्याला रान वाचतां येतें अशा एका स्थानिक माणसाच्या शब्दावर विसंबणें, हें सर्व आमच्या ओळखीचें होतें. मग आठवलें. आम्हीं तें खानदेशच्या जुन्या शिकारकथांत वाचलें होतें. आणि ते बेत आमच्या स्नेह्यांच्या घरापासून वीस-एक मैलांवर, धरणगांवास आखले जात.

सफारी हा शब्दही आपल्याला परका नाहीं. तो पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेंतला. पण त्याचें मूळ अरबींतील ‘सफर’ हेंच. आपली सफर फारसीच्या वाटेनें मराठींत आली, त्यांची अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांतून किनाऱ्यास लागली. दोन्हीकडे अर्थ एकच, प्रवास. पुढें युरोपियन लोक तिकडे शिकारीस जाऊं लागले, तेव्हां त्या शब्दास बंदुकीचा वास लागला. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे १९०९ सालीं आपल्या पुत्रासह तिकडे गेले. त्या सफरींत पितापुत्रांनीं मिळून ५१२ जनावरें मारिलीं, असा त्यांचाच हिशेब आहे. बंदुकीची जागा पुढें हळूहळू छायायंत्रानें घेतली. दक्षिण आफ्रिकेंतील क्रूगर उद्यान १९२६ सालीं स्थापन झालें आणि दुसऱ्याच वर्षीं तेथें प्रेक्षकांच्या मोटारी जाऊं लागल्या. सेरेंगेटीचें राष्ट्रीय उद्यान १९५१ चें. खानदेशांत मात्र मधली पायरी आलीच नाहीं. येथें बंदूक थांबली तेव्हां पाहावयास फारसें कांहीं उरलें नव्हतें.

तें असें कां झालें, हें समजण्यासाठीं शंभर-दोनशें वर्षें मागें जावें लागतें. खानदेश म्हणजे आज कापूस व केळी यांचा मुलूख. परंतु १८१८ सालीं पेशवाई संपून हा प्रांत इंग्रजांच्या हातीं गेला, तेव्हां त्याची स्थिति निराळी होती. १८०२ सालीं यशवंतराव होळकरांच्या फौजांनीं तो उध्वस्त केला. त्यापाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ पडला. गांवेंच्या गांवें उठलीं. नांगरटीच्या जमिनींत झुडपें माजलीं, विहिरींभोंवतीं जाळ्या झाल्या, आणि ओस पडलेल्या गांवठाणांत वाघ राहूं लागले. वाघाचें आदिम अरण्य म्हणून आपण ज्याची कल्पना करितों, तें खानदेशांत पुष्कळ अंशीं माणसांनींच माणसांचा केलेला नाश होता. १८२२ सालीं श्वापदांनीं ५०० माणसें आणि २०,००० गुरें मारल्याची नोंद इंग्रजी दप्तरांतून पुढें गॅझेटियरांत आली. गुरांचा एवढा पूर्णांकी आकडा मोजून मिळालेला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. त्यांत मोजणाऱ्याच्या धास्तीचाही भाग असावा. पण ती धास्ती खोटी नव्हती.

अशा प्रांतांत १८२५ सालीं जेम्स औट्रॅम नांवाचा बावीस वर्षांचा लष्करी अधिकारी आला. पुढें १८५७ च्या लखनौच्या वेढ्यामुळें हें नांव इतिहासांत चढलें. पण त्याच्या तारुण्याचीं दहा वर्षें खानदेशांत गेलीं. सातपुड्यांतील व सातमाळ्यांतील भिल्लांचा बंदोबस्त करणें हें त्याचें काम. आधींच्या सात वर्षांत पलटणी पाठवून, नाईकांना पकडून, फांशीं देऊन हा प्रश्न सुटला नव्हता. मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनीं भिल्लांचीच एक पलटण उभारण्याचें ठरविलें, आणि ती औट्रॅमकडे सोंपविली. प्रारंभीं नऊच माणसें आलीं. धरणगांव हें पुढें तिचें ठाणें झालें. बाकीचे रानांत बसून पाहात होते. इंग्रजांनीं भरतीच्या मिषानें आपणांस एकत्र करून कापून काढावयाचें ठरविलें आहे, असा त्यांचा संशय होता. झालेल्या गोष्टी पाहतां तो संशय वेडगळ म्हणतां येणार नाहीं.

तो संशय फिटला तो मुख्यतः शिकारींत. भिल्ल आणि साहेब यांना एकत्र आणणारी दुसरी गोष्ट नव्हती. कचेरींत भिल्ल गुन्हेगार, आणि साहेब न्यायाधीश. रानांत मात्र भिल्ल जाणता, आणि साहेब शिकाऊ.

शिकारीचा दिवस कसा आखला जाई, तें पाहण्यासारखें आहे. हंगाम चैत्र-वैशाखाचा. सातपुड्याच्या पायथ्याचे नाले तेव्हां आटतात. साग, सालई यांचीं पानें गळून जातात आणि दूरवर नजर पोंचते. अनेर, गूळ, मोर, सुकी या नद्यांच्या पात्रांत कोठें कोठें डोह उरतात. वाघाला उन्हाची तलखी सोसत नाहीं. तो पाण्याजवळ, गर्द जांभळीच्या किंवा करंजाच्या सावलींत दुपार काढतो. म्हणून पाणी कोठें आहे हें कळलें, कीं वाघ कोठें असेल हें अर्धें कळलें. (सेरेंगेटीच्या कागदावरही कोरड्या ऋतूची शिफारस याच कारणासाठीं केलेली होती.) पहांटे भिल्ल मागकाढे निरनिराळ्या दिशांस जात. नदीच्या वाळूंत उमटलेला ठसा रात्रीच्या पहिल्या प्रहरींचा कीं झांजडतांचा, हें ठशाच्या कडा ढासळल्या आहेत का, त्यावरून किड्यामुंगीची रेघ गेली आहे का, यावरून ठरे. नर कीं मादी, चालत होता कीं दबत होता, पोट भरलेलें होतें कीं नाहीं, हेंही तेथेंच वाचलें जाई. वानरांचा खकार, मोरांचा केका, घारी-गिधाडांचें घिरट्या घालणें, हे त्या पोथीवरील टीकाग्रंथ.

सूर्य कासराभर वर आल्यावर एक-एक मागकाढा परत येई. जनावर अमुक नाल्यांत गेलें आणि पुढें निघाल्याचा माग नाहीं, एवढें निश्चित झालें, कीं त्या नाल्याच्या दोन्ही कडांस उंच झाडांवर टेहळे बसविले जात. त्यांनीं ओरडावयाचें नाहीं. वाघ हलला तर हातानें किंवा हलक्या शिटीनें दिशा दाखवावयाची. खरें काम भर दुपारीं सुरू होई. कारण त्या वेळीं वाघ जडावलेला असतो आणि सहसा जागा सोडीत नाहीं. मग हाका, डफ, थाळ्या, आरोळ्या. औट्रॅम पुष्कळदां हत्ती किंवा माचाण न घेतां पायींच आंत शिरे. एकदां टेकडीवरील निवडुंगांत दडलेल्या वाघाची बातमी चिमा नांवाच्या शिकाऱ्यानें आणिली. सोबत्याची गोळी चुकली, वाघानें झेप घेऊन औट्रॅमला धरिलें आणि दोघेही उतारावरून गडगडत खालीं आले. त्यांत क्षणभर मोकळीक मिळतांच त्यानें पिस्तुलानें वाघ ठार केला. भिल्ल आक्रोश करूं लागले, तेव्हां मांजरानें ओरबाडल्याचें एवढें काय, अशा अर्थाचें कांहीं तरी बोलून त्यानें त्यांस गप्प केलें. हें बोलणें भिल्लांमध्यें पुढें पुष्कळ वर्षें चालत राहिलें, असें त्याचा चरित्रकार गोल्डस्मिड लिहितो.

ही गोष्ट आम्हांस आवडते, हें कबूल केलें पाहिजे. धाडसाची गोष्ट कोणाला आवडत नाहीं? परंतु त्याच चरित्रांत एक कोष्टकही दिलें आहे, आणि तें वाचतांना आवड ओसरते. दहा वर्षांत औट्रॅमच्या स्वतःच्या उपस्थितींत मारले गेले ते १९१ वाघ, १५ बिबळे, २५ अस्वलें आणि १२ रानरेडे. त्याच्या गैरहजेरींत त्याच्या सोबत्यांनीं मारलेले धरल्यास वाघांची संख्या २३५ होते. हा एका माणसाच्या मंडळीचा, एका प्रांताचा, एका दशकाचा हिशेब. त्याच्यामागून दुसरे अधिकारी आले. सरकारी बक्षिसें होतींच.

तरी वाघ एकट्या बंदुकीनें संपविला असें म्हणणें अन्यायाचें होईल. पडित जमिनी पुन्हा नांगराखालीं आल्या, हें शेतकऱ्याच्या दृष्टीनें इष्टच होतें. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें असतां कापसाला सोन्याचा भाव आला आणि काळी जमीन वावभरही मोकळी राहिली नाहीं. त्याच दशकांत चाळीसगांव, जळगांव, भुसावळ या मार्गानें आगगाडी आली. रुळांखालीं घालावयास लांकूड लागलें, डोंगरांतील सागावर कुऱ्हाड पडली. १८८० च्या गॅझेटियरांत मैदानांतील वाघ ही मागल्या पिढीची आठवण होऊन बसलेली दिसते. जनावर उरलें तें डोंगराच्या कडेनें. म्हणजे औट्रॅम गेल्यापासून पन्नास वर्षेंही लागलीं नाहींत.

आम्हांस बोचते ती गोष्ट निराळी. हे २३५ वाघ ज्या विद्येच्या जोरावर सांपडले ती विद्या भिल्लांची. साहेबाला नाला दाखविणारा, ठसा वाचणारा, झाडावर बसून बोटानें दिशा दाखविणारा माणूस नसता, तर त्याची बंदूक धरणगांवच्या बंगल्यांत भिंतीवर टांगलेली राहिली असती. आणि हाच समाज वाघदेवाच्या नांवानें गांवाच्या शिवेवर दगड किंवा लांकडी खांब पुजतो, वाघबारस पाळतो. ज्याला वर्षांतून एकदां नारळ द्यावयाचा, त्याच्याच मागावर साहेबाला न्यावयाचें, हें त्या मागकाढ्याला कसें वाटलें असेल? गुरें मारणाऱ्या वाघाविषयीं त्याला राग असेल. पगार आणि प्रतिष्ठा यांची त्याला गरज होती. साहेबाविषयीं त्याला खरोखर प्रेमही वाटत असेल. हें सर्व एकाच वेळीं खरें असूं शकतें. पण आपल्यापर्यंत पोंचलें तें साहेबाचें बोलणें. चिमासारखें एखादें नांव ओझरतें येतें, आणि पुढल्या ओळींत तो हाकेकऱ्यांच्या गर्दींत नाहींसा होतो.

चाळीसगांवाहून कन्नडास जातांना जो घाट लागतो त्याला औट्रॅम घाट असेंच नांव आहे. लोकांच्या तोंडीं त्याचा औट्राम झाला. १९८६ सालीं त्या डोंगरांत अभयारण्य झालें तेव्हां त्याला नांव मिळालें गौताळा-औट्रामघाट. सुमारें २६० चौरस किलोमीटरांचें तें वन्यप्राण्यांचें आश्रयस्थान १९१ वाघांच्या मारेकऱ्याचें नांव घेऊन उभें आहे, याकडे आम्ही कडवटपणानें पाहात नाहीं. इतिहासाला विनोदबुद्धि असते, एवढेंच म्हणतों.

त्याच वर्षीं धुळें जिल्ह्यांत अनेर धरणाचें अभयारण्य झालें. यावलचें तर १९६९ पासूनचें, सुमारें १७६ चौरस किलोमीटर. पालच्या बाजूनें त्यांत शिरलें, कीं सुकी नदीच्या कांठीं अजूनही सावली सांपडते. जिल्ह्याच्या पूर्व टोंकास मुक्ताईनगर तालुक्यांत, वढोदा-डोलारखेड्याच्या बाजूस, मेळघाटाकडून पूर्णेच्या खोऱ्यांत वाघ उतरले आणि येथें राहिले. तेथें २०१४ सालीं मुक्ताई-भवानी नांवाचें राखीव संवर्धनक्षेत्र जाहीर झालें. हे वाघ कधीं कधीं केळीच्या बागांत शिरतात. दाट, थंड, पाटाच्या पाण्यानें ओली असलेली केळीची बाग ही वाघाच्या दृष्टीनें जांभळीच्या जाळीहून वेगळी नसावी. पहांटे मोटार लावावयास जाणारा शेतकरी चिखलांतला ठसा पाहून थबकतो, आणि तो केव्हांचा आहे हें ठरवूं लागतो. दोनशें वर्षांपूर्वींच्या मागकाढ्याचाच तो प्रश्न. फरक इतकाच कीं उत्तर ऐकावयाला आतां वनरक्षक असतो. १९७२ च्या कायद्यानें शिकार बंद झाली आहे.

आमच्या स्नेह्यांच्या कागदाकडे परत येतों. पूर्ण दिवस घ्यावा कीं सकाळ-संध्याकाळचे दोन अर्धे फेरे घ्यावे, हा त्यांचा प्रश्न होता. आम्हीं पूर्ण दिवसाच्या बाजूनें मत दिलें. उद्यान सुमारें १४,७६३ चौरस किलोमीटरांचें. जेवावयास तंबूवर परत यावयाचें म्हटलें तर सगळा वेळ रस्त्यांतच जातो, आणि फार दूर जातांच येत नाहीं. शिदोरी बरोबर असली म्हणजे नदीकांठीं दोन-तीन तास नुसतें बसतां येतें. नू नांवाच्या हरणांचा कळप मगरींच्या नदींत उतरेल किंवा उतरणार नाहीं, हें घड्याळ लावून ठरत नाहीं. मात्र मुलें लहान असलीं तर दुपारच्या उन्हाचा आणि हादऱ्यांचा विचार करावा, आणि मोटारींतून खालीं पाऊल टाकूं नये. तेथें तसा नियमच आहे, आणि औट्रॅमचें अनुकरण करण्याचें कोणास कारण नाहीं.

सहज म्हणून आम्हीं विचारिलें, वाटाड्या कोण आहे? स्नेही कागद उलटेसुलटे पाहूं लागले. मोटारीचा प्रकार, आसनांची संख्या, पाण्याच्या बाटल्या, जेवणांत शाकाहारी पदार्थ मिळतील याची हमी, सर्व छापलेलें होतें. वाटाड्याच्या ठिकाणीं ‘अनुभवी स्थानिक मार्गदर्शक’ एवढेंच होतें. त्यांनीं त्याच रात्रीं नांव विचारण्यासाठीं पत्र धाडलें. उत्तर यावयास चार दिवस लागले. पण नांव आलें, आणि त्याबरोबर तो त्या रानांत किती वर्षें हिंडतो आहे तेंही आलें. आमच्या वहिनींनीं तें नांव स्वतःच्या हातानें कागदावर, मोटारीच्या वर, लिहून ठेविलें.