दारामागचा खिळा

आज बचत गटाचे हप्ते आणि व्याज बाजूला ठेवूया. आज बोलायचंय पिशवीबद्दल.

माझ्या आजीच्या घरी दारामागे एक खिळा होता. त्यावर दोनच पिशव्या असायच्या, एक भाजीची आणि एक किराणाची. दोन्ही जुन्या धोतराच्या, हातशिलाईच्या. तेलाला किटली न्यायची, डाळ-साखर कागदाच्या पुडीत यायची आणि पुडीचा दोरासुद्धा गुंडाळून ठेवला जायचा. आजीला ‘पर्यावरण’ हा शब्द माहीत नव्हता. कापड विकत घ्यायला पैसे लागायचे, म्हणून ती ते जपायची. पुढे दुधाच्या पिशव्या आल्या, तर त्याही ती धुऊन दोरीवर वाळत घालायची. वस्तू एकदा वापरून फेकायची, हे तिला पटतच नसे.

आता प्लास्टिकची गोष्ट ऐका. १९३३ साली इंग्लंडमधल्या एका रसायन कंपनीत वेगळाच प्रयोग चालला होता. त्यात भांड्याच्या तळाशी मेणासारखा पांढरा पदार्थ सापडला. तेच पॉलिथिन. आज आपण हातात धरतो तशी दोन बंदांची, एकसंध पिशवी स्वीडनच्या स्टेन गुस्ताफ थुलिन यांनी तयार केली. १९६५ साली तिचं अमेरिकेत पेटंट मिळालं. त्यांच्या मुलाने पुढे सांगितलं, की वडील स्वतः ही पिशवी घडी करून खिशात ठेवत आणि पुन्हा पुन्हा वापरत. म्हणजे पिशवी बनवणाऱ्याची सवय माझ्या आजीसारखीच होती! पण पिशवी फुकट मिळू लागली आणि आपण तिला फुकटची वस्तू समजू लागलो.

त्याची किंमत गटारांनी सांगितली. बांगलादेशात १९८८ आणि १९९८ च्या महापुरांत तुंबलेल्या गटारांमुळे पाण्याचा निचरा अडला. २००२ साली त्या देशाने पातळ पिशव्यांवर बंदी घातली. आपल्याकडे २६ जुलै २००५ कुणीच विसरणार नाही. मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. भरती होती, मिठी नदीवर अतिक्रमणं होती, पण नाल्यांत अडकलेलं प्लास्टिकही त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. त्यानंतर राज्यात पातळ पिशव्यांवर नियम आले. पुढे २३ मार्च २०१८ ला मोठी बंदी जाहीर झाली. पहिल्यांदा सापडल्यास ५००० रुपये दंड. २३ जूनपासून कारवाई सुरू झाली.

आणि मैत्रिणींनो, आमच्या गटाला काम मिळालं! कापडी पिशव्यांच्या ऑर्डरी आल्या. तागे आणले, मशीनं रात्री उशिरापर्यंत चालली. पहिल्यांदाच काही जणींच्या हातात स्वतःचे पैसे आले. मी गावोगावी सांगत फिरले, “प्लास्टिक सोडा, कापडी घ्या.”

गेल्या दिवाळीत घर आवरताना मी माझ्या कपाटातल्या कापडी पिशव्या मोजल्या. एकोणीस निघाल्या! सत्काराच्या, कार्यक्रमांच्या, नमुन्याच्या. त्यातल्या अकरा कोऱ्या करकरीत. शिवाय ज्या वर्षी मी प्लास्टिकवर भाषणं दिली, त्याच वर्षी संक्रांतीला मी वाण म्हणून प्लास्टिकच्या टोपल्या लुटल्या होत्या. स्वस्त पडल्या ना!

त्यानंतर एका बैठकीत ऐकलेली गोष्ट मनात घर करून बसली. ब्रिटनमधल्या पर्यावरण संस्थेने २०११ साली हिशेब मांडला होता. कापूस पिकवायला, सूत-कापड करायला पाणी आणि ऊर्जा लागते. त्यामुळे सुती पिशवी १३१ वेळा वापरली, तर हवामानावरचा तिचा भार एकदाच वापरून फेकलेल्या प्लास्टिक पिशवीएवढा होतो. आठवड्यातून दोनदा बाजार केला, तर सव्वा वर्ष लागेल. माझ्या अकरा कोऱ्या पिशव्या तर अजून एकदाही बाजारात गेल्या नव्हत्या.

याचा अर्थ प्लास्टिक चांगलं असा नाही. कापड गटार तुंबवत बसत नाही आणि गाईच्या पोटात गोळा होऊन राहत नाही. पण नुसता माल बदलून भागत नाही, सवय बदलावी लागते, एवढं मला कळलं.

गटाच्या बैठकीत मी हे मांडलं. म्हटलं, नवं कापड कमी करू, जुन्या साड्या, चादरी गोळा करून पिशव्या शिवू, फाटलेल्या दुरुस्त करून देऊ. एक मावशी म्हणाल्या, “ताई, दुरुस्तीचे पैसे किती मिळतात? आधी पोट बघा.” त्यांचं चुकीचं नव्हतं. शेवटी ठरलं, की ऑर्डर आली तर नवी पिशवी शिवायची, पण कुणी कार्यक्रमात फुकट वाटायला मागितली, तर आधी जुन्या साडीची दाखवायची. कमाई थोडी घटली आहे. पण जुन्या साडीच्या पिशव्यांना गिऱ्हाईकही मिळू लागलंय.

माझ्या घरात आता दारामागे खिळा ठोकलाय. त्यावर दोन पिशव्या आहेत. बाकीच्या शेजारणींना दिल्या, त्याही एकेक विचारून, “तुझ्याकडे आधी किती आहेत गं?”

आजीने गरजेपोटी जे केलं, ते आपल्याला ठरवून करायचंय. ते अवघड आहे, कारण आता वस्तू स्वस्त आहेत. आज घरी गेल्यावर तुमच्याही पिशव्या मोजा. आणि येत्या संक्रांतीला वाण घेताना थोडं थांबा.