मर्तबान

आतून-बाहेरून झिलई दिलेली, फुगीर पोटाची बरणी. नाव ब्रह्मदेशातील मर्तबान (आजचे मोत्तमा) बंदराचे. त्या बंदरातून जाणाऱ्या सगळ्याच बरण्या मात्र तिथल्या नसत, बऱ्याच दक्षिण चीनमधल्या असत. 14व्या शतकात प्रवासी इब्न बतूताने आले, मिरी, लिंबू, आंबे खारवून भरलेले मर्तबान भेट मिळाल्याचे लिहिले आहे. म्हणजे लोणच्याशी नाते जुनेच!

19व्या शतकात परमुलखी गेलेल्या चिनी मजुरांमागोमाग दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांताच्या तपकिरी बरण्या सिंगापूर, कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलियापर्यंत पोचल्या. त्यांत सोयासॉस, खारवलेल्या भाज्या, दारू जाई. मराठी घरात याच जातीची बरणी ‘चिनी माती’ची म्हणून फळीवर बसली. आंबट-खारटाने पितळेत पदार्थ कळकतो, झिलईला काही होत नाही. तडा गेलेली बरणी मात्र लोणच्याला निकामी.